तुळसामावशीची झाडलेली जागा

माझी मावशी तुळसाबाई वाशीमच्या वेशीबाहेर भाजीमळा करायची. मळ्यातल्या विहिरीला कठडा नव्हता. विहिरीभोवतीची जमीन मावशी दिवसातून तीनदा झाडायची, तिथे काडी पडलेली तिला खपत नसे. मी हसायचो. मला काय कळत होतं, कपाळ!

एकोणीसशे चौतीसच्या सुमारास तिनं मला खरं सांगितलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग बसला होता. समोरच्याचं तोंड दिसत नसे. कडेकडेनं दिसे तेवढंच. म्हणून ती बोलताना मान वळवायची आणि लोक तिला तोऱ्याची म्हणायचे. कडेच्या नजरेला एकटं वांगं लगेच ओळखू येई. तेच चार वांग्यांत ठेवलं की सगळ्यांचा गोळा होई, एकाचं देठ दुसऱ्याला लागे.

"मोकळ्यात असली का भुरी दिसते मले," ती म्हणाली. "सूनबाईले सांगू नोको. ते पोरीले माह्याजोळ ठेवनार नाही."

भुरी तिची दीड वर्षाची नात. सून मनकर्णा वाफ्यात खुरपायची तेव्हा पोर मावशीकडे असे. मावशीचा सारा जीव त्या पोरीत होता, म्हणून मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची मला आजही चीड येते.

दिवाळीनंतर विहीर तोंडापर्यंत भरलेली होती. बाजाराच्या दिवशी सकाळी मी बंडी आणली, बैल सोडून गाडी उभी केली, कोहळी म्हणजे पिवळे भोपळे तोडले आणि चिखल लागू नये म्हणून त्याच झाडलेल्या जागेवर टाकले. भुरीचं झबलंही कोहळ्यासारखं पिवळं होतं. मावशीला सांगायला हवं होतं. मी बैल आणायला गेलो.

मावशी मेथीच्या जुड्या बांधत होती. भुरी तिच्या मागे खेळत होती. तेवढ्यात पाण्यात धप्पकन आवाज झाला. मनकर्णानं वाफ्यातूनच विचारलं, काय पडलं म्हणून. मावशीनं मान वळवली. तिला नुसता ढीग दिसला. पोर कुठे आहे असं विचारलं असतं, तर डोळ्यांचं गुपित फुटलं असतं.

"कोहळं पडलं," ती म्हणाली.

मनकर्णा पुन्हा खुरपू लागली. बैल घेऊन येताना मीही ते ऐकलं, बैल जुंपले आणि कोहळं काढायला दोर घेऊन काठाशी गेलो. पाणी अजून हलत होतं. वर काहीच नव्हतं.

"मावशी," मी म्हणालो, "कोहळं तं तरंगते."

मी उडी घेतली. पोरीला घेऊन वर आलो तेव्हा मावशी गुडघ्यांवर बसून ढिगातलं एकेक कोहळं चाचपत होती.