सोडाबाईंचं पत्र

कॉस्टिक सोड्याच्या टाकीवर बिनधास्त चढणाऱ्या सोडाबाई आगकाडी ओढायला मात्र घाबरायच्या. कतारमध्ये, दोह्यातल्या आमच्या पाण्याच्या लॅबमध्ये त्या मुख्य केमिस्ट आणि मी त्यांच्या हाताखालचा टेक्निशियन. जंतूंच्या तपासणीला बर्नर लागायचा. तेव्हा त्या दोन पावलं मागे सरायच्या आणि म्हणायच्या, “इब्राहिम, तेवढं पेटवून द्या.” चौदा वर्षं तो बर्नर मीच पेटवला. कारण कधी विचारलं नाही.

सोडाबाई हे नाव आम्हा मराठी लोकांनी पाडलेलं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. लॅबमध्ये नवीन माणूस आला की त्या आधी त्याच्या हातात गॉगल द्यायच्या. “सोड्याला मान द्या, तो तुम्हाला काही करणार नाही,” असं त्यांचं ठरलेलं वाक्य. मूळच्या नाशिकच्या. यजमान लवकर गेले. मुलगी मीरा स्कॉटलंडला डॉक्टर. फरीज बिन ओमरान भागातल्या फ्लॅटमध्ये बाई एकट्याच राहायच्या आणि विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करायच्या. ईदला आमच्याकडे हक्काने यायच्या आणि माझ्या बायकोला सांगायच्या, “शीरखुर्म्यात साखर कमी पडलीय हां.”

आमच्या प्लांटवरचा एक सातारचा ऑपरेटर अचानक गेला. इथे दहनाची सोय नाही, म्हणून मयत विमानाने गावी पाठवायचं होतं. कागदपत्रं उरकून आम्ही दोघं माझ्या गाडीतून परतत होतो. बाई एकदम म्हणाल्या, “इब्राहिम, तुमच्यात मयताला अंघोळ घालताना पाणी कसं घेता?”

“कोमट. आणि हात अगदी हलका ठेवायचा. मयताला दुखतं असं समजूनच.”

त्या बाहेर बघत बोलू लागल्या. “मी सात वर्षांची असताना स्टोव्हचा भडका उडून आई भाजली. वाचली, पण मान कायमची आखडली. खूप वर्षांनी, जाताना माझा हात धरून म्हणाली, मला परत आगीत घालू नका. आणि आम्ही काय केलं? घातलंच. दुसरं काही सुचलंच नाही.”

मी गाडी कडेला घेतली. बाई रडत नव्हत्या. मलाच पुढचं दिसत नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी मला पाण्याच्या दहनाबद्दल सांगितलं. स्टीलच्या बंद टाकीत देह ठेवायचा, गरम पाणी आणि आपल्या सोड्यासारखी अल्कली सोडायची. काही तासांत फक्त हाडं उरतात. ती वाळवून, त्यांची पूड करून घरच्यांना देतात. “मातीत जे व्हायला वर्षं लागतात तेच हे,” त्या म्हणाल्या. रिटायर झाल्यावर त्या मीराकडे जाणार होत्या, आणि तिथल्या सरकारने नेमक्या याच पद्धतीला परवानगी देणाऱ्या कायद्यावर लोकांची मतं मागवली होती.

स्वतःसाठीही त्यांनी हेच ठरवलं, तेव्हा पहिला विरोध घरातूनच झाला. नाशिकच्या भावाने फोन करणं बंद केलं. ऑफिसात एकाने विचारलं, “मॅडम, स्वतःला विरघळवून घेणार?” बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमची राख झालेली चालते, माझं पाणी झालं की शिसारी?” मीराशी मात्र तीन शुक्रवार, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, फोनवर वाद चालला. बाई मराठीत बोलायच्या, मीरा इंग्रजीत रडायची. आजीचं शेवटचं मागणं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ते बाईंनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आई, तू सरकारला तुझं मत लिही. मी पाठवते.”

बाईंनी चार पानं लिहिली आणि मला वाचून दाखवली. सगळी रसायनं, तापमान, सांडपाण्याची शुद्धता. मी भीत भीत म्हटलं, “बाई, यात आई कुठे आहे?” त्या संतापल्या. “हे तांत्रिक मत आहे, इब्राहिम!” दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या त्या नवं पत्र घेऊनच. एकच पान. पहिलं वाक्य होतं, ‘माझ्या आईला आम्ही दोनदा आगीत पाहिलं.’

बऱ्याच काळाने, भर कामाच्या वेळी मीराचा फोन आला. बाईंच्या हातात नमुन्याची बाटली होती, म्हणून स्पीकर मी लावला. “आई, कायदा झाला. तुला कोणी आगीत घालणार नाही. मी घालू देणार नाही.” हे ती मराठीत म्हणाली.

बाईंनी बाटली खाली ठेवली आणि स्टुलावर बसल्या. “माझ्या पत्रामुळे झालं असं नाही हां,” त्या मला म्हणाल्या. “पुष्कळांनी लिहिलं असेल. पण त्यात आपलंही होतं.” आपलंही, म्हणाल्या. माझंही नव्हे.

त्यानंतर चार महिन्यांनी बाई दोहा सोडून मीराकडे गेल्या. परवा कँटीनमध्ये कोणीतरी मोबाइलवर त्या कायद्याची बातमी वाचून हसत होतं, “माणसं विरघळवतात म्हणे!” मी ताट घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसलो.

“हसू नको,” मी म्हटलं. “या कायद्यासाठी आमच्या बाईंनी पत्र लिहिलंय. आणि त्यांचं पहिलं पत्र नापास करणारा माणूस मी आहे.”