घाणेरीचा राब

रखमी भुरकुड पाणलोट समितीची अध्यक्ष झाली, ती सभेला उशिरा पोचल्यामुळे. पद बाईसाठी राखीव होतं. आधी आलेल्या बायकांनी नाही म्हणून सांगून टाकलं होतं. रखमी शाळेच्या दारात चपला काढत होती, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "ही आली की." टाळ्या झाल्या आणि ठरावावर तिचं नाव चढलं.

तिचा खडकीपाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या उतारावर. रखमी पन्नाशीची. लग्नाआधी ती घोलवडच्या वाड्यांत चिकू वेचायला जायची. आता नवरा बारक्या याच्याबरोबर भात आणि नाचणी लावते. तिला समितीत काही रस असला तर तो एका गोष्टीपुरता होता: पाड्याच्या वरचा झरा. पूर्वी त्याला मे महिन्यातही पाणी असे. अलीकडे होळीनंतर तो आटतो आणि बायका हंडे घेऊन खालच्या गावाच्या विहिरीवर जातात. तिथे त्यांना रांगेत सगळ्यात मागे उभं करतात.

झऱ्यावरच्या उतारावर घाणेरी माजली होती. तिला शेळी तोंड लावत नाही, तिच्याखाली गवत येत नाही. पाणी मुरावं म्हणून मागे कधीतरी खणलेले चर तिच्यात बुजून गेले होते. सरकारी योजनेत घाणेरी काढायला निधी मंजूर झाला, पण दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात झुडपं कापून ढीग लावायचे. ढीग मोजले गेले की दुसरा टप्पा: मुळं उपटायची आणि चर पुन्हा खणायचे. दुसरा टप्पा पावसाआधी होणं गरजेचं होतं, कारण कापलेल्या घाणेरीला पाऊस लागला की ती दुप्पट फुटते.

कापणी फेब्रुवारीत झाली. कामावर देखरेखीला प्रवीण गावंडे नावाचे अभियंते होते, मूळचे बुलढाण्याचे, तीन तालुके एकट्याने सांभाळणारे. ढीग लागल्यावर ते म्हणाले, "हात लावू नका. आठ दिवसांत मोजायला येतो." ते आले एप्रिलच्या शेवटी. तोवर उतारावर एकही ढीग उरला नव्हता.

"ताई, ढीग कुठे गेले?"

"भाजले," रखमी म्हणाली.

"कोणी?"

"समद्यांनी. राबाला."

भाताची रोपं जिथे टाकायची, ती जागा इकडे आधी भाजून घेतात. शेण, पाला, डहाळ्या यांचे थर द्यायचे, वर माती टाकायची आणि पेटवायचं. त्याला राब म्हणतात. झाडाच्या फांद्या तोडल्या तर जंगलखातं धरतं, त्यामुळे राबाला काय जाळायचं हा दर उन्हाळ्यातला प्रश्न. त्यात उतारावर वाळून कडकडीत झालेले ढीग, मालक कोणी नाही, साहेबांचा पत्ता नाही. पहिला भारा शेजारच्या भिकीने नेला. दुसरा अध्यक्षबाईंनी.

"मी बजावलं होतं ना?" गावंडे म्हणाले.

"तुमी आठ दिवस बोलला होतात," रखमी म्हणाली.

"सायब," भिकी मध्येच बोलली, "तुमची गाडी थांबते. आमचा पाऊस नाय थांबत."

रखमीने उताराकडे हात केला. "मोकळा दिसतो ना? तो मोजा."

"उतार मोजायचा नाही. ढीग मोजायचा. लांबी, रुंदी, उंची."

"मग राख मोजा."

तिने खरोखरच त्यांना शेताशेतातून फिरवलं. प्रत्येक घराचा काळा चौकोन दाखवला. गावंड्यांनी घाम पुसत फोटो काढले आणि पंचनाम्यात लिहिलं की, कापलेली झुडपं जळून गेली. वाक्यात खोटं काही नव्हतं. तलासरीच्या कार्यालयात मात्र 'जळून गेली' एवढंच वाचलं गेलं आणि आठवड्याने वनरक्षक पाड्यावर आला. वणवा कोणी लावला, हे त्याला हवं होतं.

"आमच्या राबात लागला," बारक्या म्हणाला. "दरवर्षी लागतो. तुमच्या बापाच्या शेतात नाय लागत?"

वनरक्षकही शेतकऱ्याचाच मुलगा होता. हसला, चहा प्यायला आणि गेला. कामाची फाइल मात्र त्याच्याबरोबर वनखात्यात गेली आणि तिथेच राहिली.

मेच्या मध्यावर रखमी बस पकडून डहाणूच्या वरिष्ठ कार्यालयात गेली. तिथल्या अधिकाऱ्यांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. पहिला टप्पा सिद्ध होत नाही, तर दुसरा कुठून देणार, असं ते म्हणाले. डोंगर बघायला चला, असं तिने सुचवलं. "मी डोंगर बघितला तरी कागद बदलत नाहीत, बाई," ते म्हणाले. त्यांचा आवाजही थकलेला होता.

"अध्यक्ष म्हणून खुर्ची तरी दिली का?" घरी बारक्याने विचारलं.

"दिली. दुपारपर्यंत तिच्यावरच बसले."

पावसाळा आला. कापलेल्या प्रत्येक बुंध्यातून फुटवे निघाले आणि दिवाळीपर्यंत घाणेरी पुन्हा डोक्याइतकी झाली. तेव्हा गावंडे आले.

"ताई, आनंदाची बातमी आहे. मंजुरी आली."

"मुळांची?"

"नाही. पहिल्या टप्प्याची. पुन्हा."

भिकी मोठ्याने हसली. रखमी हसली नाही. "पुन्हा कापायची? आणि पुन्हा उगवू द्यायची?"

"मुळं दुसऱ्या टप्प्यात आहेत, ताई. मी काय करू?"

"कापताना मुळं वर आली तर? ढिगात सापडली तर मोजणार नाय?"

गावंड्यांनी उताराकडे पाहिलं. "लांबी, रुंदी, उंची," ते म्हणाले. "ढिगात काय आहे, ते कोणी विचारलेलं नाही."

टिकावाने मूळ काढायला कोयत्याने कापण्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि मजुरी मिळणार होती कापण्याचीच. थोड्याच दिवसांत निम्म्या बायका घोलवडला चिकूच्या वाड्यांत निघून गेल्या. त्यांच्यावर कोणी रागावलं नाही. उरलेल्यांनी झऱ्याच्या डोक्यावरचा भाग मुळासकट साफ केला. पलीकडचा भाग नुसता कापून टाकला. ढीग राबाला न्यायचे की मोजणीपर्यंत ठेवायचे, यावरून रखमीची आणि भिकीची दोनदा कडाक्याची भांडणं झाली. "देवाचं जंगल, आणि आता तुझं झालं का गं?" असं भिकीने पाड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं. ढीग मात्र राहिले. रखमी रोज सकाळी गावंड्यांना फोन करत होती. वैतागून ते फेब्रुवारीतच आले, टेप लावली, फोटो काढले.

मार्चअखेर त्यांचा फोन आला.

"दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव वर गेलाय, ताई. मुळं काढणे आणि चर."

"अर्धी मुळं काढून झाली, सायब. तुमी पाहिलंत."

"ते कोणाला सांगू नका. झालेल्या कामाला मंजुरी मिळत नाही. वरून तपासणीला आले तर मुळं जागेवर दिसायला हवीत."

"मग काय, परत पुरू?"

"तसं म्हणत नाही, ताई."

"चर तेवढे पावसाआधी खणू द्या," ती म्हणाली. "पाणी मुरायला चर पायजे. मुळांचं आमचं आमी बघू."

"प्रस्ताव एकत्र आहे, ताई. वेगळा काढता येत नाही."

"मंजुरी कई येल?"

"कळवतो."

दुसऱ्या दिवशी झऱ्याच्या डोक्यावर, जिथे मुळं निघाली होती, तिथे रखमी आणि बारक्या चर खणायला लागले. मंजुरी नसताना. दुपारी भिकी आली, तिने टिकाव उचलला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "वाकडा खणतेस तू."