टोपल्या आणल्या कुणी

ल्यूथरन सेमिनरी म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय; तिच्या सभागृहात मागच्या भिंतीला लागून एक लांब टेबल होतं, आणि त्या टेबलामागं मावशी एकोणीस वर्षं चहा देत उभ्या होत्या. दर महिन्याला जाहीर व्याख्यान असायचं. बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, 'सर्वांसाठी खुले'. मावशींनी ते खरं धरलं. हात कपबश्यांत आणि कान व्यासपीठाकडं, असं त्यांनी इतकं ऐकलं होतं की एखादा पंडित मध्येच अडखळला, तर पुढचं वचन मावशींच्या ओठांवर आधी यायचं. पण चहावालीच्या ओठांकडं बघतंय कोण?

त्यांच्या वस्तीत पत्र्याच्या छपराची प्रार्थनेची खोली होती. मंडळी म्हणजे तीस-पस्तीस माणसं. पाळक दोन महिन्यांतून एकदा उगवायचे. बाकीच्या रविवारी कुणीतरी वचन वाचायचं, एक गाणं व्हायचं आणि माणसं उपाशी पोटानं उठावं तशी घरी जायची. उपदेश करायचा तर सेमिनरीचा दाखला हवा. मावशींना बाकी काही नको होतं. त्या खोलीत उभं राहून दहा मिनिटं बोलायचं होतं, बस्स.

म्हणून सेमिनरीनं 'निरंतर शिक्षणा'चा वर्ग काढला, सहा शनिवार, शेवटी दहा मिनिटांचा उपदेश आणि तो झाला की दाखला, तेव्हा मावशींनी अर्ज नेऊन दिला.

रजिस्ट्रारसाहेबांनी चष्मा वर केला. "तुम्ही? अहो, मग चहा कोण करणार?"

"मीच की. बसता बसता करीन."

"मग हरकत नाही," साहेब म्हणाले. त्यांची अडचण तेवढीच होती.

मावशी पहिल्या रांगेत बसल्या, इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर वही घेऊन. व्याख्यान रंगात आलं की उठायचं, पातेलं चढवायचं. सुट्टीत चाळीस जणांना चहा द्यायचा. सुट्टी संपली की चाळीस कप विसळायचे, कारण दुपारी तेच पुन्हा लागायचे. हात पुसत परत येईस्तोवर उत्तरार्ध निम्मा झालेला असायचा. राहिलेलं त्या वर्गातल्या बँकवाल्या भाऊंच्या वहीतून उतरवून घ्यायच्या.

चौथ्या शनिवारी प्राध्यापक म्हणाले, "ल्यूथरचं म्हणणं हेच, की प्रत्येक विश्वासी माणूस याजक आहे. गोठा झाडणारी बाईसुद्धा देवाचंच काम करते. आता या मावशी! यांचा चहा माझ्या व्याख्यानाइतकाच पवित्र आहे."

टाळ्या पडल्या. मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. "तर मग तो पवित्र चहा येऊ द्या!"

हशा झाला. मावशी उठल्या.

त्याच दिवशी बँकवाले भाऊ कप ठेवायला मोरीपाशी आले. "मावशी, शेवटी बोलणार कशावर? माझं तर डोकंच चालत नाही."

मावशींनी कप घासता घासता सांगून टाकलं. "येशूनं रानात पाच हजारांना जेवू घातलं, त्यावर. पाच भाकरी, दोन मासे, आणि उरलं ते बारा टोपल्या. मी विचारते, रानात टोपल्या आल्या कुठून? चमत्कार भाकरीचा झाला, टोपल्यांचा नाही. कुणीतरी घरून वाहून आणल्या असतील ना?"

"अरे वा!" भाऊ म्हणाले. "कुणी आणल्या?"

तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली, "सही करायला या हो, कागद फिरतोय!" भाऊ पळाले. उपदेशाचा अर्धा भाग मावशींच्या तोंडातच राहिला. तो असा होता, की बायबलात ही गोष्ट लिहिणाऱ्यानं जेवणारे मोजले तेव्हा बायका-पोरं सोडून मोजले. टोपल्या आणल्या त्या मोजणीतून सुटलेल्यांनी.

कसला कागद, हे विचारायचं मात्र मावशींना सुचलं नाही.

ते सातव्या शनिवारी कळलं. उपदेशांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

"तुमची हजेरी शून्य आहे, मावशी," रजिस्ट्रारसाहेब म्हणाले.

"सहाही शनिवार मी पहिल्या रांगेत होते, साहेब. तुमच्या शेजारी."

"होता ना. मी कुठं नाही म्हणतो? पण सही नाही."

"सही घेता कधी?"

"चहानंतर. लगेच."

"आणि चहानंतर मी कुठं असते?"

साहेबांनी हातातल्या कपाकडं पाहिलं. कप मावशींनीच दिलेला होता. "नियम मी केलेला नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. आणि हे बघा, परीक्षक आलेत. तीन बिनसाखरेचे."

मावशींनी तीन बिनसाखरेचे दिले.

तीन आठवड्यांनी वस्तीतल्या खोलीत नवा उपदेशक आला. बँकवाले भाऊ, कोऱ्या करकरीत दाखल्यासकट. बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मी विचारतो, रानात टोपल्या आल्या कुठून?"

माणसं पुढं सरकली. शेवटच्या बाकावर मावशींनी पदर मुठीत आवळला. भाऊंची नजर एकदा तिथवर आली आणि गपकन कागदात शिरली. पुढं त्यांनी टोपल्यांच्या वेताचं वर्णन केलं, विणकामाचं केलं, आणि शेवटी म्हणाले, "देवानंच कुठूनतरी पाठवल्या असतील." आमेन झालं.

बाहेर पडताना भाऊ मावशींजवळ थबकले. "तुमचं नाव घेणार होतो हो. वेळच कमी पडला."

"दहा मिनिटं होती," मावशी म्हणाल्या.

"उपदेशकांना चहा द्या रे कुणीतरी!" मंडळीतला एक म्हातारा ओरडला, आणि सगळ्या माना मावशींकडं वळल्या. एकोणीस वर्षांची सवय, पाय आपोआप चुलीकडं गेले.

भाऊ चहा पिऊन गेले. मावशी कप विसळायला बसल्या, तशी धाकटी जाऊ मदतीला आली. "ऐकलंत का, जाऊबाई? शिकलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा! तुम्ही जन्मभर तिथं राबलात, तुम्हाला नाही सुचलं." मग कप पुसता पुसता ती थांबली. "पण टोपल्या आणल्या कुणी, ते काही पटलं नाही बाई. तुम्हाला काय वाटतं?"

मावशींच्या जिभेवर ते आलं होतं. एकोणीस वर्षांचं सगळं तिथं येऊन उभं होतं.

"मला काय विचारतेस?" त्या म्हणाल्या. "दाखला त्यांच्याकडं आहे." आणि पुढचा ओला कप तिच्या हातात दिला.