उजवा पाय कार्लचा

पुणं सोडून परदेशात, बॉटनी डाउन्स या उपनगरातल्या घरात आम्ही २०११ साली राहायला आलो आणि पहिल्याच शनिवारी सकाळी सात वाजता शेजारच्या गॅरेजच्या भिंतीवर धप्प, धप्प असा आवाज सुरू झाला. मी उशीखाली डोकं घातलं. आवाज थांबेना. शेवटी पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अडकवल्या आणि तणतणत भांडायला गेलो. आम्ही पुण्याचे, शेजाऱ्याशी ओळख तक्रारीनेच व्हायची.

बघतो तर ऐंशीला टेकलेला एक उंच म्हातारा. अंगात स्वेटर, खाली शॉर्ट्स, समोर फुटबॉल. डाव्या पायाने मारलेला चेंडू भिंतीतल्या एकाच विटेवर बसत होता, परत येत होता, पुन्हा त्याच विटेवर. त्या विटेचा रंग उडून खळगा पडला होता, बाकीची भिंत जशीच्या तशी. मी भांडण विसरून मोजत उभा राहिलो. चाळीस झाले, तसा तो वळला.

"किया ओरा, नेबर. उठवलं का तुला? बरं झालं. झोपून कुणाचा गोल झालेला नाही." 'किया ओरा' म्हणजे इथला नमस्कार.

हे वर्नरकाका. 'काका' हे शेपूट माझ्या बायकोने, मुग्धाने, पहिल्याच आठवड्यात लावलं आणि ते त्यांना आवडलंही. महायुद्धानंतरच्या जर्मनीत आठवडाभर कोळशाच्या खाणीत आणि रविवारी मैदानात, असं त्यांचं तरुणपण गेलेलं. गावच्या क्लबाचे सेंटर फॉरवर्ड. मैदान गवताचं नव्हे, राखेचं. खरं सांगायचं तर म्हातारा थापा मारतोय असंच मला वाटायचं. मग एकदा त्यांनी गुडघा दाखवला. कातडीखाली अडकलेली राख साठ वर्षांनंतरही निळसर दिसत होती. भिंतीवर फोटो होता. त्यात हवेत आडवा झालेला एक पोरगेला गडी, डावा पाय गोलकीपरच्या डोक्याच्याही वर, मागे झाडांवर चढून बसलेली माणसं. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे जरा जपूनच बोलू लागलो.

एकदा विचारलं, "काका, उजव्याने कधीच मारत नाही?"

"उजवा पाय कार्लचा," ते म्हणाले.

कार्ल म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. सतराव्या वर्षी खाणीतल्या अपघातात गेला. यापलीकडे काका सांगेनात. एवढं मात्र कळलं, की देशाचा संघ निवडणारे गृहस्थ दोनदा त्यांच्या दारात आले होते. उजवा पाय वापरायला शीक, जागा तुझीच, म्हणाले होते. दोन्ही वेळा यांनी नकार दिला. जागा गेली ती गेलीच.

"वाईट नाही वाटलं?"

"हीप्स वाटलं, ढिगाने," काका म्हणाले, आणि मुग्धाच्या थालीपिठाला लोणी लावू लागले.

तिसऱ्या वर्षी मधुमेहाने दावा साधला. डाव्या पायाची जखम चिघळली आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. नेमका तोच पाय. हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्याजवळ बसून होतो. "चला, विटेला विश्रांती," एवढंच ते म्हणाले. मी पाणी आणतो म्हणून बाहेर गेलो आणि जिन्यात उभं राहून रडलो.

ते घरी यायच्या आधी व्हीलचेअरला वाट हवी म्हणून आम्ही दोघांनी त्यांचं गॅरेज उपसलं. तेव्हा वर्षातून एकदा कौन्सिलची गाडी अडगळ न्यायला यायची, लोक नको असलेलं सामान रस्त्याकडेच्या गवतावर रचून ठेवायचे. कपाटामागे मला एक बूट मिळाला. जुनापुराणा, उजव्या पायाचा, चरबी लावून मऊ राखलेला. त्याचा जोडीदार शोधला, नव्हता.

"काकांना विचारूनच टाक हं," मुग्धा म्हणाली.

मी कसला विचारतोय. जोड नसलेलं पायताण घरात ठेवू नये, हे आईने लहानपणीच डोक्यात भरलेलं. शिवाय पाय गेलेल्या माणसाच्या नजरेस फुटबॉलचा बूट पडू नये, हा माझा आगाऊ शहाणपणा. दिला ढिगावर टाकून.

दोन दिवसांनी काका आले. गॅरेजभर नजर फिरवून म्हणाले, "कार्लचा बूट कुठाय?"

मी रस्त्याकडे बोट दाखवलं. मग त्यांनी सांगितलं. वडील लढाईवरून परत आले नाहीत, घरी त्यांचे खेळायचे बूट तेवढे राहिले. जोडी एक, भाऊ दोन. कार्लने उजवा घेतला, यांना डावा दिला. आत वर्तमानपत्राचे बोळे, दुसऱ्या पायाला फडकं. कार्लने उजव्याने पास द्यायचा, यांनी डाव्याने गोल मारायचा.

"डावा माझ्या पायात फाटला. उजवा त्याचा आहे. मी नुसता सांभाळतो," काका म्हणाले.

मी धावत सुटलो. ढिगातलं कामाचं उचलून नेणाऱ्या व्हॅनवाल्यांनी कौन्सिलच्या गाडीआधीच ढीग साफ केला होता. खुर्च्या गेल्या, सायकल गेली, मोडका टोस्टरसुद्धा गेला. ओल्या गवतात फक्त तो बूट होता. एकटा म्हणून मी टाकला होता, आणि एकटा म्हणूनच कुणी नेला नव्हता.

"चुकलो, काका."

त्यांनी स्वेटरच्या बाहीने बूट पुसला. मग माझ्यापुढे उजवा पाय केला. "बांध नाडी."

मी खाली बसून बूट चढवला, नाडी बांधली. चेंडू हळूच त्यांच्याकडे ढकलला. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी उजव्या पायाने मारला, तो थेट माझ्या कुंपणावर.

"कार्ल, सराव कमी पडतोय रे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता धप्प. देशाच्या संघासाठी जे केलं नाही, ते हा माणूस एक्क्याऐंशीव्या वर्षी पहिल्यापासून शिकत होता. पहिले काही महिने चेंडू भिंतभर भरकटायचा. मी रोज खिडकीत चहा घेऊन उभा राहायचो. तीन वर्षं.

२०१७ च्या हिवाळ्यात काका गेले. घर विक्रीला निघालं, रंगारी आला. मी जाऊन त्याला म्हटलं, या भिंतीतल्या दोन विटा तेवढ्या सोड. वरची खोल झिजलेली, आणि बरीच खाली ही दुसरी, जिचा नुसता रंग उडालाय.

"का?" त्याने विचारलं.

"वरची वर्नरची आहे," मी म्हणालो, "आणि खालची कार्लची."