अस्सल शेतकरी

सरांनी माझ्या डोक्याला पटका बांधला, दोन पावलं मागं सरून बघितलं आणि म्हणाले, "आता शोभतोस. बस खाली."

मी सतरंजीवर बसलो. बाकीचे शास्त्रज्ञ खुर्च्यांवर. मीही शास्त्रज्ञच. तीच पदवी, तोच हुद्दा, परभणीतलं तेच संशोधन केंद्र. पण त्या प्रशिक्षणात प्रत्येकानं आपलं संशोधन अडाणी शेतकऱ्याला कळेल असं सांगायचं होतं. शिकवणारे सर, आमचे वरिष्ठ. अडाणी शेतकरी मी.

एकेक जण पुढं यायचा. वाकून, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं बोलायचा. "काय पाव्हणं, आलं का ध्यानात?" मी मान हलवायची. मधूनच "न्हाई कळलं, सायेब" म्हणायचं. मग हशा. सर खूश. "याच्यासारखा अस्सल शेतकरी शोधून सापडायचा नाही."

त्या खुर्च्यांवर जमीनदारांची पोरं होती. घरी विहिरी, बैलजोड्या, सालगडी. माझ्या घराण्यात कुणाच्या नावावर साधा बांध नव्हता. बाप दुसऱ्याच्या रानात राबून राबून गेला. तरी अस्सल शेतकरी मीच! त्यांना शेतकरी नकोच होता. खाली बसवायला माणूस हवा होता. तो कोण, हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकावं लागलं नव्हतं.

दर उन्हाळ्यात प्रशिक्षण, दर उन्हाळ्यात पटका. मी चिडत नव्हतो. चिडायलाही अंगात बळ लागतं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आमच्या माणसांची घरं जळालेली मी डोळ्यांनी बघितली होती. त्यापुढं एका पटक्याचं काय घेऊन बसलास, असं मी मनाला सांगायचो. मन ऐकायचं. तेही थकलं होतं.

माझं काम ज्वारीवरच्या खोडमाशीचं. तिची अळी कोवळ्या रोपाच्या पोटात शिरते आणि मधला पोंगा, म्हणजे कोवळा शेंडा, वाळून जातो. पेरणी वेळेवर उरकली तर पीक वाचतं. हे मी उन्हातान्हात रोपं चिरून चिरून शोधलेलं. पेडगावला शेतकरी मेळावा ठरला. विषय खोडमाशी. पेडगाव माझंच गाव. आता तरी मी बोलणार, असं वाटलं. मायला निरोप धाडला, की ऐकायला ये.

आदल्या दिवशी सरांनी बोलावलं. "भाषण दुसरा करील. तू तक्ता धर. सध्या वातावरण तापलंय. तुझं आडनाव माईकवरून गेलं की लोक उठून जातील. माशी राहील बाजूला." हे त्यांनी खांद्यावर हात ठेवून, मायेनं सांगितलं. त्या हाताची मला अजून किळस येते.

मी तक्ता धरला. आकृत्या माझ्या, काम माझं, तोंड दुसऱ्याचं. तो बरा बोलला. टाळ्या पडल्या. मंडपाच्या पार मागं आमच्या वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. त्यांत माय. ठेवणीतलं लुगडं नेसून आलेली.

मेळावा उठल्यावर तिनं विचारलं, "तू का बोलला न्हाईस रे?"

"सायबानं दुसऱ्याला सांगितलं, माय."

"अन् तू काय केलंस?"

"तक्ता धरला."

तिनं माझ्या हातातल्या तक्त्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तक्ता तर भिताडाची खुटीबी धरती, बाबा. त्याला एवढी शाळा कशाला लागती?"

 मला लाज वाटली. पहिल्यांदाच ती लाज त्यांनी दिलेली नव्हती, माझी स्वतःची होती.

पुढच्या उन्हाळ्यात सर पटका घेऊन आले. मी डोकं मागं घेतलं.

"मी न्हाई बसणार, सर."

"अरे, नाटक आहे हे. मनाला काय लावून घेतोस?"

"नाटक हाय तर तुमी बसा."

 पटका त्यांच्या हातात लोंबत राहिला. मी पुढं गेलो. आधी नाव सांगितलं, आडनावासकट. मग खोडमाशी सांगितली. ज्या बोलीला ते हसायचे, त्याच बोलीत.  या वेळी कुणी हसलं नाही. टाळीही वाजली नाही. दोघंतिघं उठून बाहेर गेले. मी बोलत राहिलो.

त्यानंतर मला कुठल्याच मेळाव्याला नेलं नाही. तक्ता धरायलासुद्धा नाही. मी रजेच्या दिवशी एसटीनं जातो. कधी पेडगाव, कधी पोखर्णी, कधी आणखी कुठं. चार माणसं जमली की बोलतो. दमतो. खरं सांगायचं तर लय दमतो. पण उभ्यानंच बोलतो. आधी आडनाव, मग खोडमाशी. आडनाव ऐकून ज्याला उठून जायचं त्यानं जावं. त्याच्या पिकाचं तो बघेल. मी आता खाली बसणार नाही.