युरियाच्या पोत्यावर बसलेले इवाई

सन दोन हजार सहा. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण कोणाचं ऐकायची सवय त्याच्याही आधी सुटलेली. अख्ख्या वऱ्हाडात समुद्राची काळजी वाहणारा एकच माणूस होता, अन् तो नेमका माझ्या पोरीचा सासरा, म्हणजे आमचे तेल्हाऱ्याचे इवाई. पोस्टातून रिटायर झाल्यावर ते मालवणला गेले, डोळ्यांवर काच बांधून पाण्यात डोकं घातलं, अन् ते डोकं मग काही बाहेर आलं नाही. तिथं त्यांना प्रवाळाचे दगड दिसले. दगड कसले, जिवंत जिवांची वस्ती, अन् तिच्यावर वावरांतून वाहून आलेल्या खतानं माजलेलं शेवाळ चढलेलं. तेव्हापासून कोणाच्याही घरी गेले की आधी शेवाळ धरलं का म्हणून रांजणात वाकून पाहत. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजाऱ्याच्या जिलेबीवर पालकाची भाजी पसरली अन् समजावलं, "जिलेबी म्हंजे प्रवाळ. वरून शेवाळानं ऊन अडवलं, आता हे मरते." शेजारी उपाशी उठला.

"खतानं वाढतेच ना सगळं?" मी एकदा विचारलं.

"वाढते, पण कोण? पराटीले टाकलेलं खत तणानं खाल्लं तर तुमी नाचता काय? मासे चरतात शेवाळ, पण किती चरतीन?"

"माह्या भातकुलीच्या वावराचा काय संबंध?"

"तुमचा नाला पेढीत, पेढी पूर्णेत, पूर्णा तापीत, तापी समुद्रात."

"तापी सुरतेकडे जाते, इवाईबुवा. मालवण कुठं?"

"समुद्राले वावरासारखा बांध-धुरा असते काय?"

त्या श्रावणात दोन दिवस रांगेत उभं राहून मला युरियाचं एक पोतं मिळालं होतं. पराटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडत चाललेली, सगळा हंगाम त्या पोत्यावर. आभाळ भरून आलं तसं मी पोतं फोडलं अन् नाल्याच्या काठानं फेकायला घमेलं उचललं. पोरीचा निरोप घेऊन आलेले इवाई सरळ त्या पोत्यावर जाऊन बसले.

"पाणी येऊन राहिलं. आता फेकलं की सगळं नाल्यात."

"उठा."

"नाही उठत."

दुसरा कोणी असता तर उचलून धुऱ्यापलीकडे ठेवला असता. पण पोरीच्या सासऱ्याला हात कसा लावावा? पाऊस आला. त्यांनी छत्री उघडून पोत्याच्या तोंडावर धरली अन् स्वतः शिंकत भिजत राहिले. मीही समोर भिजत उभा, कारण आधी झाडाखाली जाईल तो हरला. शेजाऱ्यानं सकाळीच युरिया फेकला होता. त्याच्या वावरातलं पाणी धो धो नाल्यात उतरत होतं. ते मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं.

जाताना म्हणाले, "चिमटीनं मुळाशी द्या, मातीनं झाका. नाल्याकडचे चार तास, पराटीच्या चार ओळी, बिनखताच्या सोडा."

"वावर माहं आहे," मी म्हटलं. ते चहा न घेता गेले.

आता इवाई नाहीत. तुमचं खरं होतं, हे मी त्यांना कधी बोललो नाही, अन् त्यांनीही कधी विचारलं नाही. त्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी बायकोला न सांगता वावरात गेलो, चिमूट चिमूट खत मुळाशी दाबलं अन् नाल्याकडचे तास सोडले. त्यांनी चार सांगितले होते, म्हणून पाच सोडले.