झोपायची गादी, उतरायची गादी

गादीवाल्याच्या कॉलरखाली कायम एक सुई टोचलेली असायची. धनुष्यासारखी वाकलेली, बोटाएवढी लांब. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो ती काढायला विसरला होता, असं त्याची बायको सांगते. आणि फोटोसाठी खांद्याला खांदा लावून उभं राहताना ती आपल्याला टोचली, म्हणून फोटोत आपलं तोंड तसं आलंय, हेही सांगते.

सव्वीस वर्षं त्याने गाद्या केल्या. बाळांच्या, म्हाताऱ्यांच्या, पाठदुखीवाल्यांच्या. जुन्या गादीवर तळहात टेकवला की तिच्यावर झोपणारा माणूस कोणत्या कुशीवर झोपतो, हे तो सांगायचा. गिऱ्हाईक चपापायचं, पण काम त्यालाच द्यायचं.

त्याला एकच मुलगी. दहा वर्षांची, काटकुळी, नुसते पायच पाय. शेजारच्या कुलूपवाल्याने तिचं नाव नाकतोडा ठेवलं आणि ते शाळेपर्यंत पोचलं. दुकानातल्या गाद्यांच्या थप्पीवरून उड्या मारतच ती वाढली. सहाव्या वर्षी तिला जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये घातलं, ते खरं तर दुकानातला माल वाचावा म्हणून. पण पोरगी तिथे अशी खुलली, की चार वर्षांत प्रशिक्षक बाईंनी तिला स्पर्धेच्या तुकडीत घेतलं.

इथून मग घरच्यांची कसरत सुरू झाली. स्पर्धेच्या तुकडीची फी तिप्पट. आठवड्याचे सहा दिवस सराव. चमचमणारा पोशाख, जो पोरीची उंची वाढली की वर्षाच्या आत आखूड होतो. बाहेरगावच्या स्पर्धा आणि दर खेपेला दोन माणसांचं भाडं. बायको कचेऱ्यांची साफसफाई करायची, तिने आणखी एक मजला अंगावर घेतला. तरी सहा महिन्यांतच दोघांच्या लक्षात आलं, की आपल्याला हे झेपणारं नाही.

"पोरगी हवेत उडते आणि जमीन आपल्या पायाखालची सरकते," बायको म्हणाली. "अहो, सांगून टाका मॅडमना. मी नाही जाणार. मला रडू येईल."

"आणि मला नाही येणार?"

"येईल. पण तुम्ही रुमाल कधी नेत नाही, तेव्हा आवराल."

तो गेला. हॉलमध्ये सराव चालू होता. हाताला लावायच्या खडूची पांढरी भुकटी हवेत तरंगत होती. त्याला भिंतीकडेच्या बाकावर बसायला सांगितलं. काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता, तेवढ्यात त्याची नजर बीमखालच्या गादीवर पडली. बीम म्हणजे छातीइतक्या उंचीवरची वीतभरही रुंद नसलेली आडवी पट्टी. पोरी तिच्यावर चालतात, गिरक्या घेतात आणि शेवटी हवेत कोलांटी घेऊन खालच्या गादीवर उतरतात. त्या गादीची शिवण हातभर उसवली होती. आतला फोम चुरा होऊन बाहेर येत होता, आणि कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावली होती.

चिकटपट्टी! आजाऱ्याच्या तोंडावर पांघरूण ओढावं तसं ते त्याला वाटलं. मधल्या सुट्टीत पोरी पाणी प्यायला गेल्या आणि त्याने कॉलरखालची सुई काढली.

बाई त्याच्याकडे आल्या तेव्हा तो गुडघ्यांवर बसून शेवटची गाठ मारत होता.

"काका, हे काय करताय?"

"काही नाही मॅडम. हात स्वस्थ बसेनात."

बाई खाली बसल्या. शिवणीवरून त्यांनी बोट फिरवलं, मग दोन्ही हातांनी ताणून पाहिली. शिवण हलली नाही. "आमच्याकडे अशा सोळा गाद्या आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "बाहेरचा माणूस येतो, पैसे घेतो आणि महिन्यात सगळं परत उसवतं. तुम्ही बघाल का? मग तुमच्या मुलीची फी मी घेणार नाही."

गादीवाल्याने मनात जुळवलेलं सगळं बोलणं गिळून टाकलं. त्याने मान हलवली. रुमाल खरंच आणायला हवा होता.

त्यानंतर सुट्टीचा एकही दिवस त्याचा राहिला नाही. सोळाच्या सोळा गाद्या त्याने सारख्या केल्या. मग बीमखालची गादी मुळापासून नवी करायची ठरली. आपली लेक उतरणार ती गादी! त्याने सगळं कसब पणाला लावलं. उत्तमातला मऊ फोम आणला, त्यावर आणखी मऊ थर दिला. तळहात टेकवला तर मनगटापर्यंत आत. "यावर दगड टाकला तरी तो झोपी जाईल," तो कुलूपवाल्याला म्हणाला. आयुष्यात इतकी चांगली गादी आपण केली नाही, असं त्याला वाटलं आणि ते खरंही होतं.

पहिल्याच दिवशी नाकतोडा बीमवरून उतरली. पावलं गादीत रुतली, अंग पुढे गेलं, घोटा मागेच राहिला. तिची किंकाळी त्याने दारातून ऐकली.

हाड मोडलं नव्हतं. तीन आठवडे विश्रांती आणि पाच आठवड्यांवर स्पर्धा.

"मॅडम, चूक माझी आहे," तो म्हणाला. "तुम्ही दुसरा माणूस बघा. पोरीचं पुढे काय ते…"

बाई रागावल्या नाहीत. "काका, गादी फार सुरेख आहे. पण ती झोपायची आहे. इथे कुणाला झोपायचं नसतं, उतरून उभं राहायचं असतं. तुमच्या तळहाताला काय कळतं ते मी पाहिलंय. आता तेच तळपायाला कळू द्या."

सव्वीस वर्षांचा कारागीर त्या दिवशी पुन्हा शिकाऊ झाला. दुकान उघडायच्या आधी तो टेबलावर चढायचा आणि फोमच्या थरांवर अनवाणी उडी मारायचा. थर बदलायचा, पुन्हा चढायचा. कडक फोमने टाच झणझणायची, मऊने घोटा डगमगायचा. दोन्हीच्या मधली ती जागा, जिथे गादी पाय घेते आणि लगेच परत देते, ती तो शोधत होता.

"अहो गादीवाले," कुलूपवाला मधल्या फळीच्या फटीतून ओरडायचा, "पोरगी बरी होईल, पण टेबल मरेल!"

"तू तुझी कुलपं बघ रे."

"कशी बघू? तुम्ही धपकन उतरलात की माझ्या किल्ल्या खिळ्यावरून पडतात."

गुडघा सुजला. बायको रोज त्यावर गरम पाण्याचा शेक द्यायची. एकदा म्हणाली, "तिचा उजवा घोटा, तुमचा डावा गुडघा. दोघांत मिळून एक माणूस नीट चालतोय." तेराव्या दिवशी त्याला ती जागा सापडली: खाली दणकट थर, मध्ये लवचिक, वर बोटभर घट्ट. कापड इतकं ताणून शिवलं की वाकडी सुई आणखी वाकली.

घोटा बरा झाला. नाकतोडा बीमवर चढली, टोकाशी आली आणि थांबली. खाली नवी गादी होती. पोरी आणि बाई बघत होत्या.

"बाबा," ती वरून म्हणाली, "आधी तुम्ही."

हॉलमध्ये हसू पसरलं. त्याला हसू आलं नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे, हे त्याला कळत होतं. त्याने चपला काढल्या, पँटचे पाय वर दुमडले. बाईंनी हात दिला आणि पन्नाशीला आलेला जाडजूड माणूस बीमवर उभा राहिला. त्याने खाली पाहिलं. इतक्या उंचीवर पोर रोज उभी राहते, हे त्याला आज समजलं.

त्याने उडी मारली. गादीने त्याला घेतलं आणि उभं केलं. गुडघ्यातून कळ गेली, डावं पाऊल जरासं पुढे सरकलं, पण तो उभा होता.

नाकतोड्याने वरून नीट पाहिलं. "पाऊल सरकलं," ती म्हणाली. "एक दशांश गुण गेला तुमचा."

"जाऊ दे," तो धापा टाकत म्हणाला. "गादी कशी आहे ते बघ."

तो बाजूला झाला. तिने हात वर केले.

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. गादीवाला मात्र खाली बघत होता, जिथे आता दोन पावलं येणार होती. ती आली. गादी बोटभर दबली, लगेच परत वर आली, आणि पावलं जिथे टेकली तिथेच राहिली.